मुलाला पॅरा एसएफमध्ये जायचंय, आणि डोक्यात ‘आतली माहिती’ भरलीय. काय करावं?

शुभदा_कर्वेनगर (शुक्रवार, रात्री १०:५०)

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल.

माझा मुलगा बारावीत आहे. सातवीत असताना एनडीएतल्या सुदान ब्लॉकचा घुमट बघून आला, तेव्हापासून एकच ध्यास. आधी एनडीए, मग पॅरा एसएफ, म्हणजे सैन्यातले पॅराशूटवाले कमांडो. पहाटे पाचला वेताळ टेकडी, संध्याकाळी पुल-अप्स. यांना आधी पटत नव्हतं, आता तेच हातात घड्याळ धरून त्याच्या वेळा लिहितात. इथवर माझी काही तक्रार नाही.

गेल्या सहा महिन्यांत मात्र दुसरंच काहीतरी सुरू झालंय. रात्री अंथरुणात मोबाईलवर एका माणसाचे व्हिडिओ बघतो. मरून रंगाची टोपी, टोपीवर पुढे ‘बलिदान’चा बिल्ला (एसएफवाल्यांची खूण), तोंडाला काळं फडकं. ‘मी आत होतो, तुम्हाला कुणी सांगणार नाही ते मी सांगतो’ अशी सुरुवात. कधी निवडणुका, कधी कुठला स्फोट, कधी कुणाचा मृत्यू, आणि सगळ्यामागे एकच कुणीतरी बसलेलं.

गुरुवारी जेवताना म्हणाला, तेव्हाचे संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत ज्यात गेले तो हेलिकॉप्टरचा अपघात करवून आणलेला होता आणि चौकशी दाबली. माझे सासरे खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेत. ते म्हणाले, ‘पुरावा?’ हा म्हणाला, ‘आजोबा, तुम्ही फार भाबडे आहात.’ सासऱ्यांनी भाताला हात लावला नाही, ताटावरून उठून गेले. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. एसएफचा खरा मार्ग काय असतो? आणि हे खूळ डोक्यातून कसं काढायचं, म्हणजे त्याचं स्वप्न न मोडता?

टेकडीवरचा (शुक्रवार, रात्री ११:०५)

शुभदाताई, मोबाईल काढून घेऊ नका, एवढंच आधी सांगतो. आम्ही भाच्याचा काढून घेतला होता. तो मित्राच्या मोबाईलवर बघायला लागला, आणि आमच्याशी बोलणं बंद झालं ते वेगळंच.

जुना_सॅपर (शनिवार, सकाळी ६:२०)

ताई, आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे गैरसमज नको. मी एसएफ नव्हे. बॉम्बे सॅपर्स, म्हणजे सैन्याचे इंजिनिअर, खडकी. २४ वर्षं नोकरी, सुभेदार म्हणून निवृत्त. दोनदा त्या पोरांच्या शेजारी आमचा तळ होता, तेवढीच ओळख.

मार्ग असा. एनडीएची लेखी परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. गणित ३००, सामान्य क्षमता ६००, आणि एसएसबीचे, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीचे ९००. खडकवासल्याला ३ वर्षं, मग डेहराडूनच्या लष्करी अकादमीत (आयएमए) १ वर्ष. एसएफसाठी त्यानंतर स्वतः नाव द्यावं लागतं. कमिशन मिळताना देता येतं, आधी दुसऱ्या रेजिमेंटमध्ये जाऊन नंतरही देता येतं. मग प्रोबेशन. पाठीवर वजन घेऊन मैलोन्मैल चाल, झोप नाही, आणि त्या अवस्थेत डोकं चालतंय का याची परीक्षा. बरेच जण आपल्या पलटणीत परत येतात. परत येण्यात कमीपणा नाही, हे त्याला आत्ताच सांगून ठेवा. एसएफच हवं, नाहीतर फौज नको, असं म्हणणारी पोरं मला धोक्याची वाटतात.

आता दुसरं. गस्तीवरून आलेल्या जवानाला साहेब पहिला प्रश्न विचारतात, ‘तू पाहिलंस, की तुला वाटलं?’ आमचा एक नवा पोरगा एका रात्री धावत आला, म्हणाला नाल्यापलीकडे चार माणसं आहेत. साहेबांनी शांतपणे विचारलं, ‘चेहरे किती पाहिलेस?’ ‘दोन.’ ‘मग चार कसे?’ ‘पावलं वाजली, साहेब.’ सकाळी कळलं, दोन बकरवाल, म्हणजे तिकडचे भटके मेंढपाळ, आणि त्यांची दोन खेचरं. त्या ‘चार’वर भरवसा ठेवून कुणी गोळी चालवली असती तर? मी त्या दोघा बकरवालांना नंतर चहा पाजलाय, म्हणून ही गोष्ट विसरत नाही.

तुमच्या मुलाला एक काम द्या. तो व्हिडिओ थांबवून बिल्ला नेमका कुठे लावलाय ते बघायला सांगा, आणि खऱ्या एसएफ जवानाच्या गणवेशावर तो कुठे असतो ते शोधायला सांगा. उत्तर मी इथे लिहीत नाही. त्याचं त्याला सापडू दे.

मिसळ_पाव_लिंबू (शनिवार, सकाळी ७:१५)

सुभेदारसाहेब, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तुमचा तो प्रश्न टाकून ठेवतो. ‘टँकर आला’ असं रोज चार जण सांगतात, पाहिलेला एकानेही नसतो.

प्रश्नचिन्ह (शनिवार, सकाळी ९:४०)

थोडा विरोधी सूर लावतो. मुलगा प्रश्न विचारतोय यात वाईट काय आहे? अधिकृत म्हणून सांगितलेलं सगळं खरं धरायचं का? १९६१ ला पानशेत धरण फुटलं त्या वेळी धरणाला धोका नाही असंच लोकांना सांगितलं जात होतं, हे माझ्या वडिलांनी मला अनेकदा ऐकवलंय. ज्यांनी विश्वास ठेवला त्यांचे संसार वाहून गेले. आणि रावतांच्या अपघाताबद्दल म्हणाल, तर २०२२ मध्ये हवामानाचं कारण सांगितलं गेलं, २०२४ च्या डिसेंबरात संसदीय समितीच्या अहवालात ‘मानवी चूक’ आलं. कारण बदललं की शंका येणारच. सतरा वर्षांच्या मुलाला त्यासाठी वेडा ठरवू नका.

नारायणपेठी (शनिवार, सकाळी ११:१०)

पानशेतचा विषय निघाला म्हणून लिहितो. १२ जुलै १९६१ ला मी नऊ वर्षांचा होतो. आमचा वाडा नदीपासून फार लांब नव्हता. प्रश्नचिन्ह म्हणतात ते बरोबर आहे. सकाळी लोक नेहमीसारखे कामाला निघाले होते.

पण त्याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. लष्कराच्या जवानांनी धरणावर रात्रभर वाळूची पोती रचली, म्हणून धरण रात्री न फुटता सकाळी फुटलं. रात्री फुटलं असतं तर आम्ही झोपेतच गेलो असतो. त्या जवानांना धरणात काय चाललंय ते डोळ्यांसमोर दिसत होतं. त्यांनी ते बघितलं आणि हात चालवले.

पुढे काही दिवसांनी कुणीतरी ओरडलं, ‘पाणी आलं, पाणी आलं!’ आई चिखल उपसत होती. तिने हातातलं घमेलं टाकलं, मला एका काखेत आणि धाकट्या बहिणीला दुसऱ्या काखेत घेऊन ती पर्वतीच्या दिशेने पळाली. वाटेत तिचा पाय मुरगळला. पाणी आलेलंच नव्हतं. तो पाय पुढे जन्मभर पावसाळ्यात दुखायचा. दोन्ही वेळा आम्ही ऐकीव गोष्टीवर चाललो होतो. पहिल्या वेळी ‘काही होत नाही’ म्हणून, दुसऱ्या वेळी ‘सगळं संपलं’ म्हणून.

रावी (शनिवार, दुपारी १:३०)

काका, वाचताना काटा आला अंगावर.

शुभदामावशी, मी एसएसबी देऊन आलेय. पाच दिवस असतं. पहिल्याच दिवशी एक चित्र अर्ध्या मिनिटासाठी दाखवतात, मुद्दाम धूसर केलेलं. मग किती माणसं दिसली, वयं काय, मनःस्थिती काय ते लिहायचं आणि चार मिनिटांत गोष्ट रचायची. त्यानंतर गटात बसून प्रत्येकाने आपली गोष्ट सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक ठरवायची.

आमच्या गटात एका मुलाला त्या चित्रात हातात बंदूक धरलेला माणूस दिसला. बाकी सगळ्यांना ती काठी वाटली होती. तो ऐकेचना. आवाज चढवून म्हणाला, तुम्हाला दिसत नाही कारण तुम्हाला बघायचं नाही. तो त्याच दुपारी परत गेला. बंदूक होती की काठी, मला आजही सांगता येणार नाही, चित्र होतंच तसं. पण दुसऱ्याला काय दिसलं हे त्याने एकदाही विचारलं नाही, तेवढं मला स्पष्ट आठवतंय.

मी त्या खेपेला शेवटच्या दिवशी बाहेर पडले. पुन्हा देणार आहे. २०२५ च्या मे महिन्यात एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, १७ जणी. त्यांचे फोटो माझ्या टेबलावर चिकटवलेत.

चिंचवडची_चिऊ (शनिवार, दुपारी १:५०)

रावी, खूप शुभेच्छा! निकाल लागला की इथे येऊन सांगायचंच. पेढे आमच्याकडून.

साताऱ्याचा_वारा (शनिवार, दुपारी ३:२५)

विषय एसएफचा आहे तर आमच्या माणसाचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. कर्नल संतोष महाडिक. सातारा सैनिक स्कूल, मग २१ पॅरा एसएफ. १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात शहीद झाले, तेव्हा ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते. कमांडिंग ऑफिसर पुढे होता, हे लक्षात घ्या. त्यांच्या पत्नी स्वातीताई पुढे स्वतः परीक्षा देऊन २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या.

आणि २१ पॅरा म्हणजे मुळात मराठा लाइट इन्फंट्रीची २१वी बटालियन, १९९६ मध्ये एसएफ झाली. ‘वाघनख’ म्हणतात त्यांना. मुलाला हे वाचायला द्या. व्हिडिओतल्या फडक्यावाल्यापेक्षा ह्या माणसांच्या आयुष्यात त्याला जास्त सापडेल.

धुळेकर_पुण्यात (शनिवार, सायंकाळी ५:००)

मी क्वचित लिहितो, आज लिहावंसं वाटलं. माझी बहीण साक्री तालुक्यात दिलेली आहे. १ जुलै २०१८ ला राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. मंगळवेढ्याकडची माणसं, भिक्षा मागायला आलेली. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असा मजकूर मोबाईलवर फिरत होता. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं त्यांना.

मारणारे राक्षस नव्हते. बाजाराला आलेले बापे होते, आपापल्या मुलांच्या काळजीने पेटलेले. बहिणीचा मला आदल्या आठवड्यात फोन आला होता, ‘दादा, इकडे टोळी फिरतेय म्हणतात, पोरांना शाळेत पाठवू का?’ मी पुण्यात बसून काय म्हणालो? ‘काळजी घे.’ कोण म्हणतंय, कुणाचं मूल हरवलंय, नाव काय त्या मुलाचं, यातलं काही विचारलं नाही. एवढं विचारलं असतं तर तिनेच शेजारणीला विचारलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पुढे पाठवण्यावर पाच चॅटची मर्यादा त्याच महिन्यात आली. पाच माणसं गेल्यावर आली.

शुभदाताई, तुमच्या मुलाच्या हातात पुढे खरी बंदूक येणार आहे. म्हणून ही सवय आत्ताच लागायला हवी.

जागे_व्हा (शनिवार, सायंकाळी ६:४५)

सगळे एकाच सुरात बोलताय. सरकार, मग ते कुठल्याही पक्षाचं असो, सगळं सांगतं का? एसएफच्या किती कारवाया कधी बाहेरच येत नाहीत. मग कुणी आतला माणूस धीर करून बोलला तर त्याला खोटा का ठरवता?

जुना_सॅपर (शनिवार, रात्री ८:३०)

जागे_व्हा, प्रश्न रास्त आहे, उत्तर देतो.

लपवून ठेवणं आणि खोटं सांगणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारवाईचा मार्ग, माणसांची नावं, साधनं लपवतात, कारण तीच पोरं उद्या पुन्हा जाणार असतात. १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट निवृत्तीनंतरही मानेवर असतो. नोकरीत असताना आर्मी रूल्स १९५४ च्या नियम २० आणि २१ नुसार राजकारणात पडणं आणि परवानगीशिवाय छापायला काही देणं दोन्हीला बंदी. जुलै २०२० मध्ये तर फेसबुक, इन्स्टाग्रामसकट ८९ अ‍ॅप मोबाईलवरून काढायचा हुकूम निघाला होता. खरोखर आत असलेला माणूस दर रविवारी नवं गुपित घेऊन येत नाही. मी ज्यांच्या शेजारी राहिलो त्यांना ‘काल कुठे होतात’ असं विचारलं, तर ‘चहा घेणार का’ असं उत्तर मिळायचं.

प्रश्नचिन्ह, तुमच्या मुद्द्यावरही बोलतो. ८ डिसेंबर २०२१ चा अपघात. तिन्ही दलांच्या चौकशीत उड्डाणाची आणि कॉकपिटमधल्या आवाजाची नोंद तपासली, साक्षीदार तपासले. निष्कर्ष असा की दरीत हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, वैमानिकाला दिशेचं भान राहिलं नाही आणि चालू स्थितीतलं हेलिकॉप्टर डोंगरावर आदळलं. यांत्रिक बिघाड, घातपात, निष्काळजीपणा तिन्ही नाकारले. आता ढगात दिशाभूल होऊन आदळणं हे संसदेच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात जाणार? मानवी चूक. कारण बदललं नाही, रकान्याचं नाव आलं. मला ‘चूक’ हा शब्द टोचतो, त्या वैमानिकांच्या घरच्यांसाठी टोचतो. पण विसंगती नाही.

प्रश्नचिन्ह (शनिवार, रात्री ९:१०)

हे मान्य. दोन्ही निवेदनं शेजारी ठेवून मी वाचली नव्हती, फक्त मथळे वाचले होते. तरी प्रश्न विचारण्याचा हक्क मी सोडणार नाही.

जुना_सॅपर (शनिवार, रात्री ९:१५)

सोडूच नका. उत्तर आल्यावर ते वाचा, एवढीच विनंती.

मुक्काम_वाकड (शनिवार, रात्री १०:२०)

मे २०२५ आठवतोय ना? ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि दोन दिवसांत माझ्या मोबाईलवर लढाईचे म्हणून जे व्हिडिओ आले त्यात ‘आर्मा ३’ नावाच्या खेळातली दृश्यं होती. तो खेळ मी स्वतः खेळलोय म्हणून ओळखली. एटीएम बंद होणार असा मजकूर आला, तो पीआयबीने, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाने, खोटा ठरवला. तोवर माझ्या आईने औंधातल्या एटीएमच्या रांगेत दीड तास उन्हात काढला होता.

त्याच आठवड्यात, या कारवाईची माहिती पत्रकारांना देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशींच्या बेळगावकडच्या सासरच्या घरावर हल्ला झाल्याची पोस्ट फिरली. बेळगाव पोलिसांनी सांगितलं की असं काही घडलेलंच नाही. याच बाईंनी २०१६ मध्ये इथे पुण्यात, औंधच्या लष्करी तळावरच्या ‘फोर्स १८’ या बहुराष्ट्रीय सरावात भारतीय तुकडीचं नेतृत्व केलं होतं. त्यांच्या घराबद्दल असं लिहायला कुणाचा हात कसा धजावला, मला कळत नाही.

तांत्रिक बाजू थोडक्यात. मुलाने एक व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला की तसेच दहा पुढे येतात. त्याच्यासोबत बसून बघण्याचा इतिहास पुसा, तो चॅनल ‘सुचवू नका’ करा, आणि त्याच जागी एसएसबीच्या मुलाखती, धावण्याचं तंत्र, नकाशावाचन असं काही आठवडाभर मुद्दाम बघायला लावा. यादी बदलते. आमच्या घरी बदलली.

भोरकर (रविवार, सकाळी ८:००)

थोडं अवांतर, पण पालकांनी वाचावं. आमच्या पुतण्याचे एका अकादमीने ६५ हजार घेतले, ‘कमांडो बॅच, निवड पक्की’ म्हणून. कमांडोची अशी कुठलीही थेट बॅच नसते हे आम्हाला नंतर कळलं. पैसे गेले, त्याहून वाईट म्हणजे पोराचं वर्ष गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये पेपर फुटल्यामुळे जवान भरतीची देशभरातली परीक्षा रद्द झाली होती आणि पुण्यातूनच धरपकड झाली होती. ‘आतली ओळख’ विकणाऱ्याला दारात उभं करू नका.

पुतण्या आता अग्निवीरची तयारी करतोय. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत, १० पुल-अप्स, नऊ फुटी खंदक. रोज पहाटे वीर धरणाकडच्या रस्त्यावर पळतो. हे मोजता येतं, यात कुणी फसवू शकत नाही. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, तिथे दहावीनंतर मुलं घेतात. आम्हाला वेळेवर कळलं असतं तर तिकडेच धाडलं असतं.

चिंचवडची_चिऊ (रविवार, सकाळी ८:३०)

सपाट तळव्यांचं काय? माझ्या मुलाचे थोडे सपाट आहेत.

जुना_सॅपर (रविवार, सकाळी ९:०५)

चिऊताई, हाडांच्या डॉक्टरांना आत्ताच दाखवा, परीक्षेपर्यंत थांबू नका. पाय, गुडघे, डोळे, कान, दात हे सगळं आधी तपासून घ्यावं. लेखी आणि एसएसबी काढून मेडिकलला अडकलेली पोरं रडताना पाहिलीत मी.

शुभदा_कर्वेनगर (रविवार, रात्री ९:३०)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज घरी काय झालं ते लिहिते.

सकाळी मी मुलाला सुभेदारसाहेबांचा प्रश्न वाचून दाखवला, बाकी काही बोलले नाही. आधी खांदे उडवले. मग अर्ध्या तासाने बघते तर आजोबांच्या टेबलाशी दोघं. सासऱ्यांकडे कारखान्यातलं जुनं भिंग आहे, पितळी कडेचं. व्हिडिओ थांबवून ते मोबाईलवर धरलेलं, आणि शेजारी माझ्या लॅपटॉपवर जवानांचे फोटो उघडलेले. तासभर बसले होते. पोहे निवले.

शेवटी मुलगा स्वतः येऊन म्हणाला, ‘आई, टोपीवर पॅराशूट रेजिमेंटचा बिल्ला असतो. बलिदान छातीवर असतो, उजव्या खिशावर, नावाच्या पट्टीखाली. आणि मरून टोपी तर सगळ्या पॅराची असते, एकट्या एसएफची नाही. ह्याने बलिदान टोपीवर लावलाय.’ चेहरा उतरला होता. मला वाईट वाटलं त्याच्यासाठी, खरंच. सहा महिने ज्याला मानलं तो माणूस असा निघाला.

मग तोच म्हणाला, ‘पण बिल्ला चुकला म्हणजे तो म्हणतो ते सगळं खोटंच, असंही नाही ना?’ सासरे म्हणाले, ‘नाही. ते वेगळं तपासायचं.’ मग दोघांनी रावतांच्या अपघाताचं हवाई दलाचं निवेदन काढून वाचलं. मुलगा म्हणाला, मी हे आजवर उघडलंच नव्हतं. आजोबांना ‘भाबडे’ म्हटल्याबद्दल माफी तोंडाने मागितली नाही त्याने, पण दुपारी जेवताना त्यांच्या ताटात स्वतः भात वाढला. आणि त्यांनी खाल्ला.

चॅनल अजून पूर्ण सुटलाय असं म्हणणार नाही. संध्याकाळी एकदा उघडलेला दिसला. सुभेदारसाहेब, त्याला तुम्हाला भेटायचंय. म्हणतो, त्या खेचरांची गोष्ट नीट ऐकायचीय. जमेल का तुम्हाला?

जुना_सॅपर (रविवार, रात्री ९:५०)

जमेल म्हणजे काय! येत्या रविवारी पहाटे साडेपाचला तळजईवर, पाण्याच्या टाकीपाशी. आजोबांनाही आणा. बूट जुने घालून यायला सांगा, नव्याने फोड येतात.

रावी (रविवार, रात्री ९:५५)

काका, मी पण येऊ?

जुना_सॅपर (रविवार, रात्री १०:००)

ये बाळा. येताना वाटेत काय काय दिसलं ते दोघांनीही लक्षात ठेवून या. विचारणार आहे.